ओम पेंटरची चिंधी

वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या शाळेत शिरा आणि व्हरांड्याच्या भिंतीकडे बघा. बाराखडी, पाढे, जिल्ह्याचा नकाशा, साबणानं हात धुणारा गुबगुबीत पोरगा. आणि सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलेलं असेल: ओम आर्ट्स, सेलू. शिक्षक मंडळी यांना बोलक्या भिंती म्हणतात. आता भिंत काही आपली आपण बोलत नाही बाप्पा, तिला बोलतं केलं ते ओमप्रकाशनं.

त्याचं काम बघायला चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात घेऊन येत. आधी तो सूत मारायचा. निळीत भिजवलेला दोरा भिंतीवर ताणून धरायचा, मधोमध चिमटीत ओढून सोडायचा, फट्टकन निळी रेघ उमटायची. मग उजव्या हातात ब्रश, करंगळी भिंतीला टेकलेली, आणि डाव्या हातात थिनरची चिंधी. पेन्सिलीनं आखणं नाही की पट्टी लावणं नाही. 'क'चं पोट एका झटक्यात, 'श'ची गाठ एका झटक्यात, आणि शेवटी वरची रेघ अशी सरळ की बघणारा आपोआप म्हणायचा, "वा रे पठ्ठे!" फ्लेक्सवाले आले तेव्हा बाकीच्या पेंटरांनी ब्रश माळ्यावर टाकले आणि ऑटो घेतले. ओमप्रकाश तेवढा टिकला, कारण शाळेची भिंत काही फ्लेक्सनं बोलत नाही.

डाव्या हातातल्या त्या चिंधीबद्दल मात्र सांगायला हवं. ओमप्रकाश हे काम गिरडच्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे शिकला. उस्तादाचा एकच कायदा होता: वाकडं अक्षर भिंतीवर सुकू द्यायचं नाही. केसभर इकडंतिकडं झालं की चिंधी मार, पूस, पुन्हा काढ. उस्ताद मातीआड गेला तरी कायदा राहिला. चिंधी हातात नसेल तर ओमप्रकाशला अर्धवट कपडे घातल्यासारखं वाटायचं.

आणि अशा माणसाची एकुलती एक पोरगी अपेक्षा. अक्षर म्हणाल तर देवा रे देवा!

पोरगी तोंडानं विचाराल तर थांबायची नाही. दुकानातून पुड्यात बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा ती वाचून काढायची, आणि वाचलेलं महिन्यानं विचारलं तरी जसंच्या तसं सांगायची. पण हातात पेन्सिल दिली की सगळं बिघडायचं. 'ल' उताणा पडायचा, 'क' दोन ओळींच्या मध्ये लोंबायचा, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची असते हे तिला माहीत होतं, विचारलं तर सांगायचीही, पण कागदावर सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर चढायचे. पेन्सिल अशी दाबायची की कागद फाटायचा. पेपरात प्रश्न दहा असले तर तिचे दोन होईस्तोवर घंटा वाजायची.

पहिली, दुसरीत ओमप्रकाश हसला. तिसरीत चिडला. चौथीत त्यानं ओसरीच्या भिंतीवर काळा चौकोन रंगवला, त्यात सूत मारून रेघा पाडल्या, टिंबाटिंबांची अक्षरं काढून दिली आणि म्हणाला, "गिरव." रोज संध्याकाळी. तिनं खडूनं गिरवायचं, त्यानं बघायचं, आणि चिंधी मारायची.

"पूस. परत काढ."

"बाबा, हात दुखून राह्यला."

"सवय नाई म्हनून दुखते. माह्याबी दुखला होता. काढ."

तिनं काढायचं, त्यानं पुसायचं. उस्तादानं त्याला असंच शिकवलं होतं आणि त्याचा हात बसला होता, मग पोरीचा काऊन बसणार नाही? सरिता, त्याची बायको, चुलीपासून ओरडायची, "अवो, लेकरू आहे थे, भिंत नाई! अजून सदऱ्याचं बटन लावता येत नाई तिले, मी लावून देतो सकाळी. तुमाले काई दिसते का नाई?"

"तुह्या लाडानं झालं हे सारं," ओमप्रकाश म्हणायचा.

ह्यावर सरिता भांडी आपटायची आणि बोलणं तिथंच संपायचं.

पण सगळ्यात वाईट त्यानं पुढं केलं. अपेक्षा शाळेत जाऊ लागल्यापासून सुट्टीच्या दिवशी ती त्याच्या गाडीवर मागं बसून कामाला यायची. मांडीवर रंगाचे डबे, डोक्याला आईची ओढणी गुंडाळलेली. केळझरच्या देवळाकडच्या रस्त्यावर तो दुकानाच्या पाट्या रंगवायचा तेव्हा ही खाली पायरीवर बसून बघत राहायची, तासन्‌तास, हूं की चूं नाही. पाचवीला गेल्यावर त्यानं सांगून टाकलं, "अक्षर बसंपर्यंत गाडीवर बसायचं नाई."

पोरगी रडली नाही. दिवाळीनंतर एकदा जेवताना भाकरीचा तुकडा मोडता मोडता एवढंच म्हणाली, "बाबा, पाचवी झाली का मी शाळेत नाई जाईन. गिरडले आजीजवळ राहीन. बकऱ्या चारीन."

"काय बोलून राह्यली तू?"

"बकरीले लिवून नाई द्या लागत," अपेक्षा म्हणाली आणि कालवणात तुकडा बुडवला.

ओमप्रकाशनं हातातला घास ताटात ठेवला. आपली पोरगी शाळा सोडणार? ज्यानं साऱ्या तालुक्याला अआइई लिहून दिलं, त्याची पोरगी?

पुढच्याच आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. पाचवीला प्रेरणा मॅडम नव्या आल्या होत्या, आर्वीकडच्या. बोलायला गोड, पण एकदा मनात घेतलं की सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

"ओमप्रकाशभाऊ, पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते, तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "नापास झाली तर एकदा परत बसवतील. त्यातही राहिली तर पाचवीतच ठेवतील. आणि ती जशी लिहिते आहे, तशी ती राहणार."

"मी घेतो ना जी तिच्याकडून. रोज घेतो. आळस करते पोट्टी."

"तिला सगळं येतं. वर्गात कुणाला येत नाही तेही येतं. फक्त कागदावर उतरत नाही. हा आळस नाही हो. मला वाटतं लिहिण्याचीच अडचण आहे काही. वर्ध्याला दवाखान्यात दाखवून या."

ओमप्रकाशचं डोकंच फिरलं. "माह्या पोरीच्या हाताले रोग सांगता का मॅडम तुमी? ओम पेंटरच्या पोरीच्या?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी वर्गाच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "राहिलं. मोठे सर म्हणत होते, तिथं सूर्यमाला काढून हवी आहे. काढाल? आणि शाळा भरलेली असतानाच काढा. पोरांना बघायला मजा येते."

काम म्हटल्यावर नाही कोण म्हणतो? सोमवारी सकाळी ओमप्रकाश डबे घेऊन वर्गात हजर झाला. आता कळतं, बाईंनी केवढा डाव टाकला होता.

पहिला तासभर पोरं माना वळवून सूर्याकडे बघत होती. मग सूर्य जुना झाला आणि पेंटर भिंतीचाच भाग होऊन गेला. मॅडम अन्नपचन शिकवत होत्या. कालचं कोण सांगतं, असं त्यांनी विचारलं आणि अपेक्षा उभी राहिली.

"भाकरीचा घास म्हनजे नागपूरच्या एसटीतला पॅसेंजर," तिनं सुरुवात केली. वर्ग हसला. ती थांबली नाही. "तोंड म्हनजे सेलूचा स्टँड. इथं चावून चावून गर्दी बारीक करायची, थुंकी लावायची, नाईतर दारातच अडकते सारे. मंग अन्ननलिका. तो सरळ रस्ता, मधात थांबा नाई, गाडी आपोआप ढकलत नेते. जठर म्हनजे केळझर. तिथं गाडी लय वेळ उभी राहते. आतून आंबट पानी सुटते आन् साऱ्याइले घुसळून घुसळून पातळ करते. मंग लहान आतडं. नाव लहान आहे, पन रस्ता सगळ्यात लंबा. तिथं बुटीबोरीच्या कारखान्याले उतरतात तसे सारे कामाचे लोक उतरून जातात, साखर आपल्या कामाले, प्रथिनं आपल्या कामाले, रक्ताच्या गाडीत बसून. आन् ज्याले काईच काम नाई, तो..."

"तो नागपूरले जाते!" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग बाकांवर पडून पडून हसला. मॅडमही हसल्या.

ओमप्रकाशचा ब्रश शनीच्या कड्यावर थांबला होता. ही एवढं कुठं शिकली? त्यानं तिला कधी असं बोलताना ऐकलंच नव्हतं. म्हणजे ऐकलं असेल, पण संध्याकाळी घरात शिरल्यापासून तो फक्त 'पूस' म्हणत होता आणि ती फक्त 'हात दुखते' म्हणत होती. ह्या पोरीच्या डोक्यात एवढी एसटी धावत होती आणि बापाला तिचा हॉर्नसुद्धा ऐकू आला नव्हता.

"छान. आता हेच सगळ्यांनी लिहून काढा," मॅडम म्हणाल्या.

वर्ग वह्यांवर वाकला. आणि मागं शिडीवर बसलेल्या ओमप्रकाशनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पोरीचं अक्षर न बघता तिचा हात बघितला.

हाताबद्दल त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. पंचवीस वर्षं तो हातच ओळखत आला होता. कामावर नवा पोऱ्या आला की पहिल्या रेघेलाच तो सांगायचा, हा टिकणार की पळणार. आणि इथं तो बघत होता: पोरीचा खांदा कानापर्यंत चढलेला. जीभ दातात. पेन्सिलीवर बोटं अशी आवळलेली की नखं पांढरी. तिनं 'भ' काढला, वरून खाली. तो बिघडला, खोडून पुन्हा 'भ' काढला, तो खालून वर. तिसरा 'भ' मधूनच सुरू केला. दर वेळी पेन्सिल कागदावर टेकवण्याआधी ती थबकायची, डोळे बारीक करायची, जणू हे अक्षर जन्मात पहिल्यांदा भेटतंय.

ओमप्रकाशनं हवेत बोटानं एक 'भ' काढून बघितला. त्याचा हात 'भ' काढतो तेव्हा तो 'भ'चा विचारच करत नाही. हाताला पाठ आहे. आणि ह्या लेकराच्या हाताला काहीच पाठ नव्हतं. एवढ्या वर्षांच्या गिरवण्यातलं एक अक्षर तिच्या हातानं ठेवून घेतलं नव्हतं. ती लिहीत नव्हतीच मुळी. प्रत्येक अक्षर नव्यानं शोधून काढत होती, एकेक, आणि तरीसुद्धा काढत होती! सोडून देत नव्हती. बाजूच्या पोराचं पान भरलं तेव्हा तिचं 'भाकरीचा घास' एवढंच झालं होतं. तिनं ते बघितलं, हात झटकला आणि पुन्हा पेन्सिल धरली.

"अगं माय वं," ओमप्रकाशच्या तोंडून निघालं. शनीच्या कड्यावरून रंगाचा ओघळ खाली गुरूवर आला. चिंधी हातात होती, पण त्यानं ती लावली नाही. त्याचं लक्षच नव्हतं.

सुट्टीत तो मॅडमपुढं जाऊन उभा राहिला. हातातला ब्रश चिंधीनं पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "वर्ध्याले कोनत्या दवाखान्यात जायचं म्हनता?"

दवाखान्यात आधी डोळे तपासले, मग कान. मग एका खोलीत एका डॉक्टरीणबाईंनी अपेक्षाला एकटीला बसवून कितीतरी वेळ काय काय विचारलं, मणी ओवायला लावले, आकृत्या काढायला लावल्या. सरिता बाहेर बाकावर बसून पदराचं टोक पिळत होती. शेवटी दोघांना आत बोलावलं.

"पोरगी हुशार आहे. खूपच हुशार," बाई म्हणाल्या. "डोळे चांगले, कान चांगले. हातात ताकद आहे. पण डोक्यातलं अक्षर हातापर्यंत पोचवणारी जी वाट असते ना, ती हिची वेगळी आहे. काही मुलांची जन्मतःच असते. डिसग्राफिया म्हणतात याला. यात तिचा आळस नाही आणि तुमचा दोष नाही."

"पन मी तं रोज गिरवून घेतो जी," ओमप्रकाश म्हणाला.

"काय काम करता तुम्ही?"

"पेंटर. अक्षर काढतो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, हसल्या आणि टेबलावर एक आरसा उभा केला. समोर कागद ठेवला, त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा धरला, म्हणजे हात दिसणार नाही, आरशातलाच दिसेल. "आरशात बघून तुमचं नाव लिहा. फार नाही, नुसतं 'ओम'."

ओमप्रकाशनं पेन्सिल घेतली. 'ओम' म्हणजे काय! त्यानं आंधळा होऊनसुद्धा काढलं असतं. पेन्सिल टेकवली, खाली न्यायला गेला तर आरशात ती वर निघाली. थांबला. वर न्यायला गेला, खाली आली. पुन्हा टेकवली. रेघ काढतो की काय काढतो कळेना. बोटं आपोआप आवळली गेली, खांदा वर चढला, जीभ कधी दातात आली त्याचं त्याला समजलं नाही.

"लवकर," बाई शांतपणे म्हणाल्या. "बाकीच्यांचं झालं सगळं. लक्ष कुठे आहे तुमचं? असं वाकडं काय काढताय? पुसा ते. परत काढा."

ओमप्रकाशच्या कपाळावरून घामाचा थेंब कागदावर पडला. कागदावर 'ओम' नव्हतं, कोंबडीनं पाय आपटल्यासारखं काहीतरी होतं. तेवढ्यात त्याच्या खांद्यावर एक लहान हात आला.

"बाबा, घाई नका करू," अपेक्षा त्याच्या कानाशी म्हणाली. "हळूहळू करा. होते मंग."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. हे त्याला पाच मिनिटं झेपलं नव्हतं. पोरगी पाच वर्षं शाळेत रोज हेच करत होती, चौथीपासून संध्याकाळी घरीही, आणि वर त्याची चिंधी सोसत होती. त्यानं तिच्याकडे बघितलं. दहा वर्षांची काडीसारखी पोर, आणि केवढी ती छाती! त्याच्या उस्तादाकडे नव्हती एवढी. ओमप्रकाश तिथंच, डॉक्टरीणबाईंसमोर, तोंड रुमालात घालून रडला. सरितानं पहिल्यांदाच त्याला टोमणा मारला नाही.

"अक्षर सुंदर होईल का हो हिचं?" जाताना त्यानं विचारलं.

"सुंदर नाही होणार बहुतेक. वाचता येईल एवढं होईल. तेवढं पुरे," बाई म्हणाल्या. "गिरवणं बंद. लहान कागदावर लहान अक्षर नको. उभ्यानं, मोठं, भिंतीवर, खांद्यापासून हात फिरवून काढू द्या. पेन्सिल जाड द्या. दमली की थांबू द्या. अभ्यास तोंडी घ्या. परीक्षेत जास्त वेळ आणि लिहायला दुसरं मूल मिळतं, त्याचा दाखला मी देते."

गाडीवर परत येताना अपेक्षा दोघांच्या मध्ये बसली होती. ओमप्रकाशनं सेलू येईपर्यंत गाडी हळू चालवली. घराच्या दारात गाडी लावली आणि म्हणाला, "पोरी, उद्या केळझरले पाटी आहे. येतं का?"

"अक्षर नाई बसलं ना अजून," अपेक्षा म्हणाली.

"अक्षराले राहू दे. तू बस."

त्या हिवाळ्यात त्यांच्या ओसरीचं रूपच पालटलं. काळा चौकोन गेला, सगळी भिंतच पोरीला दिली. मोठा चपटा ब्रश आणि डबाभर पाणी. ती हाताएवढा 'भ' काढायची, पाण्याचा, तो उन्हानं वाळून आपोआप जायचा. पुसायचं काम ऊन करत होतं. एकच अक्षर, रोज त्याच ठिकाणाहून सुरू करायचं. ओमप्रकाश सूत मारून द्यायचा, बाकी तोंड बंद. किती वेळा त्याची डावी मूठ आपोआप वळायची म्हणून सांगू! मूठ खिशात घालून तो उभा राहायचा. अक्षर एकदम काही सुधारलं नाही. पण होळीच्या सुमाराला तिचा हात 'भ' काढताना थबकेनासा झाला, आणि त्या दिवशी ओमप्रकाशनं साऱ्या गल्लीला चहा पाजला. लोक म्हणाले, पेंटर येडा झाला. होऊ द्या.

एप्रिलात परीक्षा आली. दाखला मिळाला होता. अपेक्षाला वेगळ्या खोलीत बसवायचं ठरलं, लिहायला चौथीतली सुरभी. मोठी बडबडी, पण अक्षर टपोरं. मराठीच्या पेपरच्या दिवशी ओमप्रकाशनं त्या खोलीच्या मागची भिंत रंगवायला काढली. नेमकी तीच, योगायोग बघा! प्रेरणा मॅडम येऊन म्हणाल्या, "ओमप्रकाशभाऊ, आवाज करायचा नाही. एक शब्दसुद्धा नाही." त्यानं मान हलवली आणि पांढऱ्या रंगाचा हात मारत बसला.

खिडकी उघडीच होती. आतून मॅडमनी प्रश्न वाचला: तुमच्या परिसरातल्या एखाद्या कारागिराविषयी लिहा.

सुरभीनं पेन सरसावलं. मग अपेक्षाचा आवाज आला, पुस्तकी भाषेत, एकेक शब्द सावकाश.

"लिही. माझ्या गावात एक पेंटर आहेत. ते आधी भिंतीवर सूत मारतात. सूत मारताना ते दोरा कानाशी धरून एकदा टिचकी मारतात. बरोबर आवाज आला तरच भिंतीवर लावतात."

ओमप्रकाशचा हात थांबला. टिचकी? आपण मारतो टिचकी?

"पुढे लिही. अक्षर काढताना ते करंगळी टेकतात. गोल अक्षर असेल तर टाचा उचलतात. आडवी रेघ काढताना श्वास घेत नाहीत. रेघ संपली की श्वास सोडतात. मी कधीकधी त्यांच्यासोबत श्वास धरून बघते. मोठ्या पाटीला मला जमत नाही. त्यांना जमते."

"अगं थांब ना," सुरभी कुरकुरली. "हात दुखून राह्यला माझा."

"झटक एकदा. मंग कमी होते," अपेक्षानं सांगितलं. मग पुढं म्हणाली, "लिही. अक्षर चांगलं आलं की ते कुणाला सांगत नाहीत. फक्त दोन पावलं मागे जातात आणि डोकं खाजवतात. तेव्हा मला कळते की आता ते खूश आहेत. मला ते सगळ्यात जास्त आवडते."

भिंतीच्या अलीकडे ओमप्रकाश रंगाच्या डब्यावर मटकन बसला. पंचवीस वर्षं हा हात त्याचाच होता आणि त्याला स्वतःला यातलं काही ठाऊक नव्हतं. आजवर कुण्या गिऱ्हाइकानं बघितलं नव्हतं, उस्तादानं बघितलं नव्हतं. केळझरच्या पायरीवर बसलेल्या एका गप्प पोरीनं सगळं बघून ठेवलं होतं, श्वासासकट. तो तिच्या अक्षरांवर चिंधी मारत होता तेव्हाही तिच्याजवळ हे सगळं जसंच्या तसं होतं. त्यानं हळूच एक लांब श्वास घेतला आणि तो किती वेळ सोडलाच नाही.

पेपर सुटल्यावर त्यानं विचारलं, "कसा गेला?"

"मस्त," अपेक्षा म्हणाली. "सुरभीले चॉकलेट द्या लागते पन. लय थकली थे."

निकाल लागला. पास! पहिली वगैरे नाही आली, गणितात मांडणी करता करता अडलीच. पण सहावीत गेली, आणि गिरडच्या बकऱ्या आजीलाच चाराव्या लागल्या.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाहेरची मोठी भिंत पूर्ण झाली. घासाचा प्रवास होता तो: सेलूच्या स्टँडवरून निघालेली लाल एसटी, केळझरचा थांबा, आतड्याचा लांबच लांब वळणांचा रस्ता. चित्र ओमप्रकाशचं, मजकूर सगळा अपेक्षाचा. तिनं सांगितला, त्यानं लिहिला, तिनं 'इथं जठर नाई, लहान आतडं' म्हणून दोनदा दुरुस्त केला. शेवटी उजव्या कोपऱ्यात ओम आर्ट्स लिहायची वेळ आली तेव्हा ओमप्रकाशनं सूत मारलं आणि ब्रश तिच्यापुढं धरला.

"माह्यं नाव?" ती म्हणाली. "ऑइल पेंटनं? बाबा, ते जाईन नाई ना मंग कधी."

"नाई जाईन."

तिनं ब्रश घेतला. करंगळी टेकली. 'अ' काढला, खूप वेळ लागला. 'पे'ची मात्रा जरा उडाली. 'क्षा' काढताना टाचा उचलल्या, आणि तो इतका मोठा झाला की निळ्या रेघेच्या खाली उतरून बसला. ओमप्रकाश तिच्या मागं श्वास धरून उभा होता.

मोठे सर बघायला आले. भिंत बघून खूश झाले, मग वाकून कोपरा बघितला. "पेंटर, हे तेवढं नीट करून घ्या की. उद्या साहेब येणार आहेत. ओलं आहे तोवर पुसून टाका."

थिनरची चिंधी ओमप्रकाशच्या डाव्या हातातच होती. अपेक्षानं त्या चिंधीकडे बघितलं.

"नीटच आहे सर," ओमप्रकाश म्हणाला. त्यानं चिंधीची घडी करून खिशात घातली, दोन पावलं मागं गेला आणि डोकं खाजवत ते नाव सुकेपर्यंत तिथंच उभा राहिला.